टीव्हीतला घास

जाहिरातवाल्यांवर माहा लय राग. साधा साबण विकायचा अन् पोरगी धबधब्याखाली उभी करायची! इथं वाडीत नळाले टायमावर पाणी नाई, अन् यांचे धबधबे. पण आता मी गप बसते. काहून, ते सांगते.

उन्हाळ्यात माह्या मालकाले, शालिकरामले, कावीळ झाली. कावीळ उतरली, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेली. ताट समोर ठेवलं की माणूस भिंतीकडे तोंड करे. डॉक्टर म्हणे, "बाई, पोटात अन्न गेलं नाही तर भरती करावं लागेल." अन् मी कोण? प्रयागबाई! गोदामापुढच्या माह्या टपरीवर, उलट्या मडक्यावर भाजलेल्या लांब रोट्या खायले ट्रकवाले गाडी थांबवतात. गावाले जेवू घालते अन् घरचा माणूस उपाशी. पिकतं तिथं विकत नाई म्हणतात, ते खोटं नाई. चुलीजवळ बसून मी रडली बी.

अशात माह्या नणंदेची पोरगी श्वेता आली. ती जाहिराती बनवते. कोण्या आट्याच्या कंपनीले लांब रोटी दाखवायची होती.

"मामी, फक्त तुमचे हात पाहिजेत."

"काहून? तोंड वाईट हाय का माहं?"

"तोंड दिसलं की लोक तोंडच पाहतात, मामी. मले रोटी दाखवाची आहे."

तिचा थाट पाहून मी आधी चिडलीच. चुलीवरच्या उलट्या मडक्यामागं काळा कपडा टांगला. माह्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. स्टीलची वाटी हटवून मातीची ठेवली. अन् दिवा लावला तो मागून!

"पोरी, उजेड मागून पाडते का कोणी?"

"पाहा तर."

मी कणीक दोन्ही हातांवर झुलवली. पातळ होत होत ती कोपरापर्यंत आली. मंग तिनं मले लहान पडद्यावर दाखवलं. माय वं! कणकीतून उजेड आरपार! जन्मभर रोट्या केल्या, पण माही रोटी इतकी देखणी हाय हे मले कोणी दाखवलंच नव्हतं. पोरीच्या नजरेले मानलं बाप्पा.

शेवटी रोटीचा तुकडा तोडून वरणात बुडवायचा अन् समोर धरायचा होता. "कॅमेऱ्याकडे नका पाहू. मामाले भरवून राहिल्या असं समजा." मी तसा धरला अन् तिनं तिथंच थांबवलं.

"अवं, घास खाल्ला कुठं कोणी?"

"कोणी खाल्ला की पाहणाऱ्याची भूक तिथंच भागते, मामी. उरलेलं काम त्याच्या तोंडाचं."

मले ते काही पटलं नाई.

मंग एका दुपारी जाहिरात लागली. मी तांदूळ निवडून राहिली होती, मालक खाटेवर पडून होते. ना गाणं, ना बडबड. काळ्या कपड्यापुढं पांढरी रोटी झुलली, वाफ उठली, हिरव्या बांगड्यांचा हात घास घेऊन पुढं आला अन् थांबला. शेवटी आट्याचं पाकीट दिसलं. मालक उठून बसले.

"काय वं, हात तुहेच होय ना?"

"त्यायले काय झालं?"

"घास कोणाले देऊन राहिली होतीस?"

माहं टाळकंच सणकलं. "तुमाले! दुसरं कोण हाय मले? रोज तोच घास घेऊन बसते, तो दिसला नाई, अन् टीव्हीतला दिसला!"

त्यांनी पाय खाटेखाली सोडले. मंग हळूच म्हणे, "कर मंग एक. पण त्याच पाकिटाच्या आट्याची."

डब्यात माहा लोकवन गव्हाचा आटा भरलेला, अन् याले पाकिटाचा पाहिजे! तरी मी तडातडा किराण्याच्या दुकानात गेली. मालकाची चप्पल घालून आली, हे घरी आल्यावर कळलं.

कणीक मळली, मडकं तापवलं, रोटी केली. तुकडा तोडला, वरणात बुडवला अन् समोर धरला. मालक पुढं वाकले अन् त्यांनी घास तोंडात घेतला. चावला. गिळला.

"आट्यात दम हाय," म्हणे.

आट्याचं नाव होते तर होऊ दे. मी डोळे पुसले अन् दुसरा तुकडा तोडला.