धडा अकरावा

कंपनीने स्वतःच्या खर्चाने मला शिकायला बसवलं, तेव्हा मी हरखून गेलो. वय सत्तेचाळीस, कारखान्याच्या हिशेब विभागात बावीस वर्षं, आणि आता हा वर्षभराचा अभ्यासक्रम: बहुराष्ट्रीय कंपन्यांचं आर्थिक व्यवस्थापन. "मुख्यालयाने तुमचंच नाव सुचवलंय," साहेब म्हणाले. मी छाती फुगवून घरी आलो.

बायको त्याच कारखान्यात, पॅकिंगला. एकोणीस वर्षं एकाच यंत्रावर. तिने पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"फुकट कुणी कुणाला चारा घालत नाही," ती म्हणाली.

मी हसलो. चार धडे शिकणार असलेला माणूस बायकोला हसायला लगेच तयार असतो.

पुस्तक जुनं होतं, मुख्यालयाकडूनच आलेलं. आतल्या पानावर आधीच्या विद्यार्थ्याचा फोन नंबर होता. तो कंपनीच्या दुसऱ्या शाखेतला हिशेबनीस. समासात त्याची पेन्सिलीची बारीक टिपणं. तिसऱ्या धड्यात, आपल्याच दुसऱ्या कंपनीला माल स्वस्तात विकून नफा परदेशात कसा नेतात ते दिलं होतं. तिथे त्याने लिहिलं होतं, "म्हणजे आमचा तोटा खोटा?" मी आमचे आकडे लावून पाहिले. आमचाही खोटाच निघाला. मला गंमत वाटली. हो, गंमतच. त्या तोट्यापायी बायकोची पगारवाढ तीन वर्षं अडली होती, आणि मला आनंद कशाचा, तर गणित सुटल्याचा!

टिपणं अकराव्या धड्यापर्यंतच होती. पुढे पेन्सिलीची रेघही नाही. अकरावा धडा होता, शाखा कधी आणि कशी बंद करावी.

स्वाध्यायात स्वतःच्या शाखेचे खरे आकडे घेऊन योजना लिहायची होती. नुसता सराव, म्हणून मी त्यात जीव ओतला. कुठला विभाग आधी, किती दिवसांत, कुठलं यंत्र कुठे पाठवायचं, सगळं लिहिलं. यंत्रांना उचलण्याच्या क्रमाने नंबरसुद्धा दिले. "सुरुवात पॅकिंगपासून करावी, तिथली यंत्रं हलवायला सोपी," असं लिहून मुदतीच्या नऊ दिवस आधी पाठवून मोकळा झालो.

आठवड्याने पैकीच्या पैकी गुण आले. गुणांच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. उत्तराची प्रत: मुख्यालय.

जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तकातला तो नंबर लावला.

"तुमचं पुस्तक माझ्याकडे आलंय," मी म्हणालो.

पलीकडच्या माणसाने विचारलं, "कितव्या धड्यावर आहात?"

"अकराव्या."

"स्वाध्याय पाठवलात?"

"मागच्या आठवड्यात."

"मीही मुदतीच्या आधीच पाठवला होता. आता एका दुकानात गल्ल्यावर बसतो. आमचे बाकीचे साडेतीनशे कामगार काय करतात, ते मला विचारू नका."

"अहो, पण तो तर नुसता सराव..."

"कारखाना आतून माहीत असलेला माणूस असा मन लावून योजना लिहून देतो. वर खूशही होतो. त्यांना आणखी काय हवं?"

"आता थांबवता येईल का?"

"पाठवला नसतात तर आलं असतं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी धावत संगणकाकडे गेलो, स्वाध्याय मागे घ्यायला. पडद्यावर दोनच शब्द होते, "मूल्यांकन पूर्ण". साहेबांच्या केबिनला कुलूप होतं. ते दोन दिवस मुख्यालयात आहेत, असं शिपाई म्हणाला. बायकोला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, याचाच विचार करत मी घरी येऊन बसलो.

ती आली ती खुशीतच. चपला काढता काढताच बोलायला लागली.

"अहो, आज मुख्यालयाची माणसं आली होती आमच्याकडे. सगळी यंत्रं बघितली, मोजमाप घेतलं. नवीन येणार बहुतेक! मी उगाच नावं ठेवत होते, तुमच्या अभ्यासाचा पायगुण म्हणायचा."

मी समोरचं पुस्तक मिटून ठेवलं.

"आणि ऐका तर," ती हसत म्हणाली, "प्रत्येक यंत्रावर लाल रंगाने नंबर टाकलेत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझा पहिला नंबर आला!"