सायकल तुमचीच समजा

इराणातल्या हमदानमध्ये सभ्य माणसांचा तुटवडा कधीच नव्हता, पण इरजइतका सभ्य माणूस म्हणजे शहरावर आलेलं संकटच होतं. कुठल्याही दारात तो 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत असा अडून बसे, की मागे रांग लागे. 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून निघत नसे, आणि 'मला हवं' हे तर त्याला शिवी दिल्यासारखं वाटे. लोक याला तआरुफ म्हणत, रीतभात म्हणत, आणि वर त्याच्या खानदानाचं कौतुक करत. बायको महवश याला भित्रेपणा म्हणायची. तीन वर्षांपूर्वी तिने घटस्फोट घेतला आणि परस्तूला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीला, घेऊन ती वेगळी राहू लागली.

इरजच्या वाट्याला सुट्टीचा शुक्रवार आला. दर शुक्रवारी बापलेक त्याच कबाबवाल्याकडे समोरासमोर बसत. शाळा कशी, बरी. आई कशी, बरी. मग तो तिच्या ताटात स्वतःचा कबाब सरकवी आणि ती तो परत सरकवी. आता परस्तू सतराची झाली होती, आणि गेल्या शुक्रवारी तिने एकदाचं सांगून टाकलं.

"बाबा, यापुढे शुक्रवारी मी सायकलवर जाणार. आमचा ग्रुप आहे. डोंगरपायथ्याच्या गंजनामेपर्यंत डांबरी रस्ता, तिथून वर बागांमधली कच्ची वाट. तुम्हाला यायचं असेल तर सायकल घेऊन या. कबाब मला आता बघवत नाही."

"आणि मी नाही आलो तर?"

"तर फोनवर बोलू की."

फोनवर ती दोघं किती बोलत, हे दोघांनाही ठाऊक होतं. सायकल झाली नाही तर मुलगी हातची जाणार, इतकं ते सरळ होतं.

मग इरजने जे करायला नको तेच केलं. सगळ्यांना विचारलं. ऑफिसातल्या एकाने, ज्याने शाळा सुटल्यापासून पेडलला पाय लावला नव्हता, सांगितलं की सस्पेन्शन पुढेमागे दोन्हीकडे हवं. इरज म्हणाला, अगदी बरोबर. बहिणीचा नवरा म्हणाला, बारीक टायरची घे, माती दिसली की उतरून चाल. इरज म्हणाला, लाख बोललात. घरमालकाने ट्रॅक्टरला शोभतील असे टायर सुचवले, तिथेही याची मान नंदीबैलासारखी हललीच. शेवटी गुरुवारी संध्याकाळी परस्तूनेच त्याला ओढत उस्ता नादेरच्या सायकलच्या दुकानात नेलं.

"मागचं सस्पेन्शन अजिबात नको," ती म्हणाली. "या किमतीत ते नुसतं ओझं. चढावर जोर लावला की सायकल उठाबशा काढते. पुढचं असू दे, पण डांबरावर ते लॉक करता आलं पाहिजे. टायर मध्ये गुळगुळीत, कडेला दाते. आणि मागचा मोठा गिअर हा एवढा थाळीएवढा हवा. नाहीतर चढावर काय मी ढकलू तुम्हाला?"

"पोरी, तूच बस गल्ल्यावर, मी घरी जातो," उस्ता नादेर म्हणाला. मग त्याने कोपऱ्यातली एक राखाडी सायकल बाहेर काढली. "तू म्हणतेस तशी ही एकच आहे, आणि यांच्या मापाची आहे. पुढचा माल कधी सुटेल ते बंदरावरच्या लोकांना विचार."

इरज गल्लीत चक्कर मारून आला. पहिल्या वळणावर डगमगला, एका म्हातारीची माफी मागितली, तिच्या पिशवीचीही मागितली, पण परत आला तेव्हा त्याचे पाय पेडलवर नीट बसले होते आणि तोंड लहान पोरासारखं फुललं होतं. परस्तू खळखळून हसली. ते हसू त्याने फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"थांबा हं, हेल्मेट बघते," म्हणून ती उस्ताबरोबर मागच्या खोलीत गेली.

आणि तेवढ्यात आगा सुतूदे दुकानात आले. हे इरजचे जुने शेजारी. उंच, अघळपघळ, गालिचांचे व्यापारी. त्यांच्या घरी चालायचा पट्टा होता, त्यावर उशा वाळत. वल्हवायचं यंत्र होतं, त्यावर मांजर झोपे.

"अरे वा, इरजखान! काय देखणी सायकल आहे!"

आता यावर कोणीही शहाणा माणूस 'हो, मीच घेतोय' म्हणून मोकळा झाला असता. इरजचा हात छातीवर गेला.

"आपलीच आहे ती. घेऊन जा."

"छे छे, तुम्हालाच लखलाभ."

इथे थांबायचं असतं. एकाने द्यायचं, दुसऱ्याने नाकारायचं आणि दोघांनी चहा प्यायचा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण इरजला चेव चढला.

"नाही, नाही, तुमच्यापुढे माझी काय कथा! तुम्हालाच शोभते ती."

"अहो, पण तुम्ही घ्यायला आलात..."

"मी आपला असाच बघत होतो. माझ्या मुलीची शपथ आहे तुम्हाला, घ्याच!"

सुतूदेंनी सायकलकडे पाहिलं. व्यायाम करा म्हणून डॉक्टरने त्यांना परवाच दम भरला होता. "आता मुलीचीच शपथ घातलीत, तर तुमचा शब्द कसा मोडू?" असं म्हणून त्यांनी हँडल धरलं.

इरजच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी गोठलं. मागच्या दारात परस्तू उभी होती, हातात निळं हेल्मेट. शेवटचं वाक्य तिने ऐकलं होतं. उस्ताने प्रश्नार्थक पाहिलं, इरजने मान खाली घातली, सुतूदेंनी पैसे द्यायला कार्ड पुढे केलं. परस्तूने हेल्मेट काउंटरवर ठेवलं आणि ती बाहेर पडली.

इरज तिच्यामागे धावला. "परस्तू, ऐक तर. त्यांनी घ्यायला नको होती गं. असं कोणी खरंच घेतं का?"

"आईने घेतलं," ती म्हणाली.

"काय?"

"घटस्फोटाचं ठरलं त्या दिवशी मी दाराआड होते. आई म्हणाली, परस्तू माझ्याकडे राहील. तुम्ही म्हणालात, अर्थातच, तू म्हणशील तसं. मी वाट बघत होते, की आता तुम्ही नाही म्हणाल. एकदा तरी म्हणाल. मी बॅग भरून ठेवली होती, बाबा. तुमच्याकडे यायची."

इरजला वाटलं होतं, आपण मोठ्या मनाने वागलो. भांडणतंटा नाही, आवाज नाही. तीन वर्षं तो स्वतःच्या त्या मोठेपणावर जगत होता. आता त्याला स्वतःची अशी किळस आली, की तिथे उभं राहवेना.

रस्त्यापलीकडे सुतूदे सायकल गाडीच्या डिकीत कोंबत होते. ती मावत नव्हती, मागचं चाक बाहेर लोंबत होतं. इरज गाड्यांमधून, कोणालाही 'आधी तुम्ही' न म्हणता, पलीकडे गेला आणि त्याने ते चाक दोन्ही हातांनी धरलं.

"द्या इकडे. ही माझी आहे."

"अहो, तुम्हीच मुलीची शपथ घातलीत!"

"खोटी घातली."

"इरजखान, चारचौघांत काय हे? तुम्ही म्हणालात की तुम्हाला नकोय."

"खोटं बोललो. मला हवी आहे. तेव्हाही हवी होती." त्याचा आवाज फाटला. फळवाला तराजू सोडून बघत राहिला. सुतूदेंचे कान लाल झाले. त्यांनी हँडल हिसकलं, तसा इरज फरफटत डिकीवर आदळला आणि जन्मभराच्या सवयीने त्याच्या तोंडून 'माफ करा' निघालं. बोटं सैल पडू लागली.

मागून परस्तूचा आवाज आला.

"बाबा, सोडू नका."