सोवळ्यातली आजी

सुलभाबाईंनी गजकर्ण साऱ्या घरापासून लपवलं, ही त्यांची पहिली चूक. दुसरी चूक अशी, की ते गजकर्ण नव्हतंच.

अमेरिकेत ट्रॉयला मुलाकडे त्या आल्या पाच वर्षांच्या वेदला सांभाळायला. शंतनू आणि दीपा सकाळी गाड्या काढून गेले की मागे उरायचे आजी आणि नातू. चालत कुठे पोचावं असं आसपास काही नव्हतंच. जूनच्या संकष्टीला दूर्वा हव्यात म्हणून बाई मागच्या झाडीपाशी उंच गवतात अर्धा तास बसल्या. मिळाल्या त्या काही दूर्वा नव्हेत, पण गणपती समजून घेतो.

आठवड्याभरात मांडीवर लाल वर्तुळ उठलं. खाज नाही, पण रोज थोडं मोठं. "गजकर्णच!" बाईंनी निदान केलं आणि नागपूरहून आणलेलं मलम बॅगेतून काढलं. निदानाला त्यांना डॉक्टर कधीच लागला नव्हता.

पण गजकर्ण म्हणजे लागण. सुनेला कळलं की पोर दुसऱ्या दिवशी डेकेअरमध्ये, आणि आपण या पुठ्ठ्याच्या घरात भिंतींशी बोलत बसायचं. म्हणून त्यांनीच नियम काढला. आजीला शिवायचं नाही, मांडीवर बसायचं नाही, आजी सोवळ्यात आहे. पोर दोन हातांवरून बघत राहायचं. पुढे ताप आला, मान आखडली, गुडघे धरले. त्याच्याही गोळ्या बॅगेत होत्याच.

जुलैतल्या एका सकाळी वेद ओरडला, "मॉम, आजीज स्माइल इज ब्रोकन!" बाईंच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून चहा ओघळत होता.

दीपाने मीटिंग कॅन्सल केली, दोघांना गाडीत घातलं आणि इमर्जन्सी गाठली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काही विचारलं.

"आई, हल्ली अंगावर गोल रॅश आला होता का, असं त्या विचारताहेत."

"नाही."

"आठवून सांगा ना, प्लीज. त्यावरच औषध ठरणार आहे."

खोलीला खिडकी नव्हती. दारात सून, खुर्चीत नातू. हो म्हणावं तर पोर जाणार, नाही म्हणावं तर तोंड असंच राहणार. बाईंनी डोळे घट्ट मिटले. डावा मिटलाच नाही. त्या उघड्या डोळ्याला वेद दिसत राहिला. यालाही झालं असलं तर?

"होता. मांडीवर. गजकर्ण," त्या कशाबशा म्हणाल्या. "आधी वेदला तपासा."

डॉक्टरीणबाईंनी गवताचं विचारलं, रक्त घेतलं, गोळ्या लिहून दिल्या. दीपा सांगू लागली, "लाइम रोग म्हणतात याला. खसखशीएवढी गोचीड चावली की होतो. गोळ्यांनी बरं वाटेल, तोंडही बहुतेक सरळ होईल. आणि आई, हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मुळीच नाही."

तीन आठवडे! तीन आठवडे पोराला उगाच तोडलं. बाईंना स्वतःचीच चीड आली. त्यांनी दोन्ही हात पसरले. "ये रे राजा."

वेद खुर्चीवरून उतरला, धावत आला आणि बरोबर दोन हातांवर थांबला.

"बट आजी, सोवळं?"