पोंगलपर्यंत

मिरवणूक चिंचेपाशी थांबली. तिथून पुढे वस्ती, आणि गावातली माणसं वस्तीत पाय ठेवत नाहीत. मासिलामणी जीपवरून उतरला, वळून गावच्या जमीनदारांना, गौंडर मालकांना, हात जोडले आणि गळ्यातला हार सावरत एकटाच घराकडे निघाला. ढोल तिथूनच परत फिरले.

पूंगोडी अंगणातल्या खाटेवर खिळलेल्या सासूला पेज भरवत होती. मासिलामणी तिचा थोरला दीर आणि आजपासून पंचायतीचा अध्यक्ष. निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उभी राहून पडली ती हीच. जागा दलितांसाठी राखीव, म्हणजे उभं राहणार वस्तीतलंच कुणी. पण मतं साऱ्या गावाची, आणि गावापुढे वस्ती म्हणजे मूठभर. मालकांनी आपल्या गोठ्यातला गडी उभा केला. सुंठीवाचून खोकला गेला.

पूंगोडीने मागितली होती फक्त मसणवट्याची वाट. ती वाट मालकांच्या नारळबागेतून जाते आणि वस्तीचं मढं तिथून जाऊ देत नाहीत. तिरडी कालव्यातून, छातीभर पाण्यातून न्यायची. तिच्या नवऱ्याला तशीच नेली, तेव्हा पाण्यात एकाचा पाय सरकला होता. पुढचं ती कुणाला सांगत नाही.

मासिलामणी जमिनीवर टेकला. खाटेकडे बघायचं त्याने टाळलं. पूंगोडीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"मोजणीला मी होते, भावजी. वस्तीच्या पेटीत तुमच्या नावाचं एकही मत नव्हतं."

"कसं असेल? मीसुद्धा तुलाच दिलं."

तिचा हात वाटीतच राहिला. सकाळपासून जिभेवर तयार ठेवलेल्या शिव्या आता कुणाला द्यायच्या, तिला कळेना.

"मग आता शिक्का तुमचा आहे," ती म्हणाली. "वाट काढून द्या."

"शिक्का मालकांच्या घरीच राहणार. उद्या शेण काढून झालं की सही करायला ये म्हणालेत."

म्हातारीला धाप लागली. ती ओसरेपर्यंत पूंगोडी तिची पाठ चोळत राहिली. मासिलामणीने हार काढला. कुठे ठेवावा सुचेना, म्हणून मांडीवरच घेऊन बसला.

"पूंगोडी," तो हळूच म्हणाला, "पोंगलच्या सणानंतर कालव्याचं पाणी उतरतं ना गं?"

"उतरतं."

आणि ती सासूला आणखी दोन घोट घ्या म्हणून विनवू लागली.