आमची संत्री आंबट नाहीत

मोहगावच्या विठ्ठल मंदिरात दुपारी मोठ्या बायांचा साक्षरता वर्ग भरतो, आणि एकादशीला तिथंच कीर्तन. त्यामुळे अंबाबाई वाचायच्या तेही कीर्तनाच्या चालीवर. म्हातारपणी त्या अक्षरं शिकल्या ते एकाच कारणानं. नवरा, पुंडलिकराव, किडनीच्या आजारानं डायलिसिसवर होता आणि त्याच्या पथ्याचा कागद बाईंना स्वतः वाचायचा होता.

तो कागद सुचितानं लिहिला होता. पांढुर्ण्याच्या एका संस्थेत आरोग्याची पत्रकं सोपी करायचं काम ती करायची. डॉक्टरांचा 'पोटॅशियम' शब्द कुणाला कळेना, म्हणून तिनं तो काढला आणि लिहिलं, 'आंबट फळे देऊ नका.' कागद घरोघरी वाटून झाला होता. लोकांना कळला का, ते विचारायला ती आता वर्गात आली होती.

अंबाबाईंनी कुठंही न अडखळता सगळा वाचला.

"टाळ आना कोनी," शेजारची प्रेमलता म्हणाली. "ही वाचून नाही राहिली, आख्यान लावलं हिनं."

बाया हसल्या. सुचितानं विचारलं, "काकू, मग घरी काय बदललं?"

"लिंबू बंद. चिंच बंद, कैरी बंद. लय चिडले माह्यावर."

"आणि फळं?"

"बागेतली संत्री देऊन राहिली ना. डाक्टर पानी मोजून देतेत, तोंड कोरडं पडते त्यायचं. मंग दोन टाइम सोलून देतो मी."

सुचिताचं पेन थांबलं. "काकू, संत्री नाही चालत. आंबट फळात ती येतात."

"आमची संत्री आंबट नाहीत, पोरी." बाईंनी पिशवीतून एक काढून तिच्या हातावर ठेवलं. "साखर हाये साखर. खाऊन पाय."

मग सुचिताला सांगावंच लागलं. गोड असो की आंबट, त्यातला पोटॅशियमचा क्षार काकांच्या अंगात साचतो आणि काळजावर जातो.

अंबाबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. "इथं तर नाही लिहिलं."

त्याच संध्याकाळी पुंडलिकरावांची नाडी मंदावली. त्यांना सौंसरच्या दवाखान्यात नेलं, तिथून नागपूरला. ते वाटेतच गेले.

नवा कागद छापून आला तेव्हा त्यावर संत्र्याचं चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरात नाव. सुचिता तो घेऊन अंबाबाईंच्या घरी गेली. बाईंनी वाचला. चाल नव्हती, एकेक अक्षर सुटं पडत होतं.

"बुवा सांगतेत, मीरेनं इखाचा प्याला पेला तर अमृत झालं. भाव खरा होता म्हने." त्यांनी कागदाची घडी घातली. "माह्या भावात काय खोट होती?"

"खोट माझ्या कागदात होती, काकू."

"तू कुठं व्हती सोलाले. मी व्हती. फोडीफोडीले विठ्ठल म्हनत होती मी."

मंदिरात टाळ लागले. एकादशी होती. प्रेमलता दारात येऊन म्हणाली, "चाल ना माय, बुवा आले."

अंबाबाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "दार लोटून घे जाता जाता. आवाज येते."