डाक्टरच्या गाडीतला वास

खरं सांगायचं तर देवाजीच्या पोटात काहीएक बिघाड नव्हता. दगड खाल्ला तरी पचवील असं ते पोट. पण मोटारीत वास यायचा, आणि घरात म्हातारा माणूस म्हणजे तोच. मग लोक दुसरं काय समजणार?

मोटार त्याच्या पोराची, डॉक्टर श्रावणची. श्रावण बरीच वर्षं अमेरिकेत राहून चौऱ्याऐंशी साली चांद्याला परतला, तो जहाजातून स्वतःची मोटार घेऊनच. लांबलचक, निळी, स्टेअरिंग उलट्या बाजूला. बघायला अख्खी वस्ती लोटली. देवाजीने तिच्या दारावरून हात फिरवला आणि त्याचे डोळे भरून आले. का नाही भरणार हो? चामोर्शीकडच्या गावात मालगुजाराच्या बैलांच्या दमणीमागून कंदील धरून पायी चालण्यात ह्या माणसाची जवानी गेली. छप्पन साली दीक्षा घेतली, तो कंदील खाली ठेवला, आणि चांद्याच्या लाकडाच्या वखारीत ओझी वाहून पोराला डॉक्टर केलं. आता पुतणीचं लग्न त्याच गावात होतं. पोराच्या मोटारीत बसून त्या गावात उतरायचं, एवढी एकच हौस त्याला उरली होती.

आणि नेमका तेव्हाच हा मेला वास सुरू झाला. सडक्या अंड्याचा! श्रावणचा दवाखाना घराला लागूनच, त्यामुळे मोटार निघायची ती रविवारी, सगळ्यांना घेऊन. गाडी जरा हळू झाली की भपकन वास आत. सून सुनंदाने गुपचूप काच खाली केली, तर आणखीच आला. मग तिने नाकाला पदर लावला. देवाजीची बायको रुखमा मात्र फाडकन बोलली, "अवो, का खाल्लं तुमी?"

"मी नोहो वो!"

"तं मंग कोन, मी का?"

श्रावण गुणाचा पोरगा, बापाला हसला नाही. त्याने बापाचं पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, एक्स-रे काढला, गोळ्या लिहून दिल्या. "बाबा, वय झालं की पचन मंदावते. डाळ बंद करा." झालं! लाखोरीचं वरण बंद, वाल बंद, कांदा बंद. देवाजीने निमूट मान डोलावली. तरी पुढच्या रविवारी वास आलाच. त्याच्या पुढच्या रविवारी तर हा बाबा आदल्या दिवसापासून नुसत्या ताकावर राहिला, कोणाला न सांगता. तरीही आला. तेव्हा देवाजीला पक्कं वाटलं, आपण आतून सडलो.

लग्नाच्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "तुमी व्हा म्होरं. मी यष्टीनं येतो. मोटारीत मले चक्कर येते."

चक्कर कसली? साफ थाप होती ती. पण श्रावणने एवढंच विचारलं, "गोळी घेतली ना बाबा?" आणि गाडी गेली.

देवाजी ओट्यावर बसला. पोटात काल दुपारपासून अन्नाचा कण नव्हता. नवं धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून तो एकटाच रडला. पोराला आपली लाज वाटते, ह्याचं दुःख फार वाईट. त्याहून वाईट हे, की पोराचं काही चुकतंय असंही त्याला वाटेना.

पण यष्टीची वेळ व्हायच्या आतच निळी मोटार गचके खात परत आली. दार नीट उघडायच्या आधीच रुखमा ओरडत उतरली, "अवो, तुमी तं घरी होते! मंग वास कोनाचा?"

झालं होतं असं, की मूल गावाच्या रस्त्याला चढ लागला आणि गाडी ओढेचना. श्रावणने पाय दाबला, तर तोच वास, नेहमीपेक्षा दुप्पट. गाडीत देवाजी नाही! तिघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि श्रावणने मुकाट्याने गाडी फिरवली. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

गॅरेजवाल्या हरिदासला बोलावलं. त्याने इंजिन चालू ठेवून मागच्या नळीपुढे तळहात धरला. "धूर निघूनच नाई राह्यला, साहेब. दम कोंडून राह्यला हिचा." मग गाडी निवू दिली, खाली शिरला आणि सायलेन्सरच्या अलीकडच्या एका चपट्या डब्यावर लाकडी मोगरी ठोकली. आत खुळखुळ वाजलं. "हा डबा कायचा? आपल्या गाड्यांत नाई असत असा."

श्रावणने कपाळावर हात मारला. "धूर साफ करायचा डबा आहे तो. त्याला शिसं नसलेलं पेट्रोल लागतं. इथं ते मिळत नाही. मीच टाकीच्या तोंडातली पत्री तोडायला लावली, इथल्या पंपाची नळी जावी म्हणून."

"मंग बिघडला ना तो," हरिदास म्हणाला. "आतलं फुटून वाट बुजली. वासबी त्याचाच." त्याने डब्याअलीकडचा जोड ढिला करून गाडी चालू केली. काय आवाज निघाला बाप्पा! पण इंजिन मोकळं झालं, पाय ठेवताच धावायला तयार. डबा काढून तिथे साधा नळीचा तुकडा बसवायचं ठरलं. लग्न संध्याकाळचं होतं, वेळ होता.

सुनंदा सासऱ्याजवळ आली आणि त्याच्या पाया पडली. रुखमा पदराने डोळे पुसत म्हणत होती, "काल दुपारपासून जेवला नाई हा मानूस. मले वाटलं, लग्नाच्या खुशीनं भूक मेली."

ते ऐकून श्रावण ओट्यावर बापाच्या शेजारी बसला. अमेरिकेतून आल्यापासून तो घरात शहरी बोलायचा, पण आता लहानपणची बोली आपोआप तोंडात आली. "बाबा, तुमचं पोट बरं हाय, हे तुमाले तं मालूम होतं. तुमी बोलले काऊन नाई?"

"मालूम होतं ना," देवाजी म्हणाला. "पन तू तपासलं, बाप्पा. एवढा शिकलेला डाक्टर. मले वाटलं, तुले समजते तं माह्या पोटाले का समजते?"

श्रावण उठला, चुलीपाशी गेला, हाताला लागेल तो भात ताटात वाढला, वर लाखोरीचं वरण ओतलं, कांदा फोडला आणि ताट बापापुढे ठेवलं. बाहेर हरिदास गाडी तयार झाली म्हणून हाका मारत होता. बाप जेवून उठेपर्यंत श्रावण जागचा हलला नाही.