बदकिणीची चाल

कार्टूनच्या त्या स्टुडिओत कुठलाही प्राणी चालवायचा असला की काम त्याच्याच टेबलावर यायचं, म्हणून सगळे त्याला चालवाला म्हणत. हत्ती, उंट, दारू प्यायलेली मांजर, सगळे त्याच्या पेन्सिलीतून चालायला शिकले होते. "याच्या चालीत फसू नका रे," हा शिळा विनोद आठवड्यातून एकदा तरी व्हायचाच.

पण बदकिणीने त्याला रडकुंडीला आणलं. डोक्यावर अंड्यांची टोपली घेऊन ती बाजाराला निघते, एवढीच सहा मिनिटांची गोष्ट. त्याने तीनदा चाल काढली. तीनही वेळा मालकांनी कागदांची चळत बोटांत फडफडवून पाहिली आणि टेबलावर टाकली.

"ही चालत नाहीये, सरकतेय. मला हसू कुठे येतंय?"

त्या दुपारी तो वैतागून खिडकीशी उभा राहिला. खाली अंगणात शाईखोलीतली ताई नळावरून पाण्याचं भांडं घेऊन परत येत होती. वरच्या लोकांनी पेन्सिलीने काढलेली चित्रं सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर शाईने गिरवायची, हे शाईखोलीचं काम, आणि ताईइतका सरळ हात तिथे दुसऱ्या कुणाचा नव्हता. तिचा डावा पाय लहानपणापासून अधू होता. उजवं पाऊल जड पडायचं, कंबर हेलकावा घ्यायची, मग डावा पाय अर्धा गोल काढून पुढे यायचा.

चालवाल्याने खिडकीतूनच चार रेघा ओढल्या. संध्याकाळपर्यंत बदकीण चालू लागली. हेलकाव्यासरशी टोपली घसरायची आणि बदकीण धपकन पडायची. मालक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सगळी खोली टेबलाभोवती गोळा झाली. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली.

कागद खाली शाईखोलीत जाताना त्याला ताई आठवली. पण एकेका कागदावर चाल कुठे दिसते, चाल दिसते ती पडद्यावर, अशी त्याने मनाची समजूत घातली. आठ दिवसांनी पत्रे तयार होऊन आले. रेघ कुठेही हलली नव्हती.

चित्रपट धो धो चालला. बायको आणि मुलीला घेऊन तो थिएटरात गेला. बदकीण पडली की माणसं खुर्च्यांवर हात आपटत होती.

"अहो, ही चाल सुचली तरी कशी तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"सुचली," तो म्हणाला.

घरी आल्यावर मुलीने डोक्यावर सूप घेतलं आणि कंबर हलवत, एक पाय ओढत खोलीभर फिरली. बायको पोट धरून हसली. त्याला एकदम वाटलं, खिडकीतून आपण जे पाहिलं ते आता घरात येऊन नाचतंय. "बस कर!" तो एवढ्या जोरात ओरडला की पोर रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी तो शाईखोलीत गेला. ताई एकटीच होती. "ताई, ते बदकिणीचं..."

तिने टाक पुसून खाली ठेवला. "पहिल्या दहा कागदांतच ओळखलं मी. चाल माझीच आहे, आणि बरोबर उतरलीय. पण ती दर वेळी पडते हो. मी बारा वर्षं हे अंगण ओलांडतेय. एकदा तरी पडलेली पाहिलंत मला?"



"पुढच्या चित्रपटात पडणार नाही," तो म्हणाला. "शब्द देतो."

दुसऱ्या चित्रपटाचं काम लगेचच आलं. त्याने बदकिणीला चालवलं, टोपली सांभाळायला लावली, कुठेही पाडलं नाही. मालकांनी चळत फडफडवली. "पडत का नाही? लोक तेवढ्यासाठी येतात." चालवाल्याने चळत उचलून घेतली. दोन दिवसांत त्याने बदकिणीला सात वेळा पाडलं. ताई जेवायला गेलेली पाहून त्याने ते कागद तिच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि चोरासारखा वर पळाला.

तासाभराने लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. एक जड, एक हलकं. ताई वर कधीच यायची नाही, तिच्यासाठी सगळं खालीच पाठवत. कोपऱ्यातल्या टेबलावर कुणीतरी खुसखुसलं. ताईने चळत त्याच्यापुढे ठेवली. "हे दुसऱ्या कुणाला द्या. मी गिरवणार नाही." आणि आली तशी उतरली.

मालक तरातरा आले. "काय झालं हिला? तुला काही बोलली?"

सगळ्या पेन्सिली थांबल्या होत्या.

"नाही," चालवाला म्हणाला. "मला काही माहीत नाही."

मालकांनी ताईला जुने पत्रे धुवायला बसवलं. वापरलेल्या पत्र्यांवरची शाई आणि रंग गरम पाण्यात घासून काढायचा, म्हणजे पत्रा पुन्हा कामाला येतो. खिडकीतून तिचे लाल झालेले हात दिसत. त्याने टेबल भिंतीकडे वळवून घेतलं. चार दिवस घास गिळवेना, बायकोने विचारलं तर दाढ दुखतेय म्हणून सांगितलं. पाचव्या दिवशी तो मालकांच्या खोलीत गेला.

"ती चाल ताईची आहे. मी तिला न विचारता उचलली. म्हणून ती नाही म्हणाली."

मालकांनी चष्मा काढला. "हे काय मला आज सांगतोस? पहिल्याच दिवशी सगळ्यांनी ओळखलं होतं. आम्ही कशाला हसत होतो असं वाटलं तुला?"

आपण खोलीभर माणसांच्या हातात काय दिलं, ते त्याला तेव्हा कळलं.

"ताईला टेबलावर परत घ्या," तो कसाबसा म्हणाला. "आणि बदकीण मी काढणार नाही."

दोन्ही गोष्टी सहज झाल्या. शाईखोलीत दुसऱ्या कुणाची रेघ धड येत नव्हती, म्हणून ताई परत आली. बदकीण शेजारच्या टेबलावर गेली, कुणा दुसरीने गिरवली, आणि पुढे सहा चित्रपटांत पडत राहिली.

चालवाला एकदा खाली गेला. ताई नवं टोक टाकात बसवत होती.

"मी मालकांना सांगितलं," तो म्हणाला.

"ऐकलं. पाच दिवस लागले." तिने टोक उजेडात धरून पाहिलं. "कामाचं काही होतं का?"

त्याच्या हातात मांजरीचा कागद होता. शेपटीची रेघ जाड हवी की बारीक, एवढंच त्याने विचारलं.

"बारीक," ती म्हणाली, आणि तो कागद ठेवून वर गेला.